परदेशी नोकरीचा व्हिसा नाकारला, आता काय? पुन्हा पैसे भरण्याआधी हे वाचा

दहिसर (मुंबई उपनगर) : नोकरीचं पत्र हातात आलं, गावाकडे पेढे वाटले, इथल्या कामाचा राजीनामाही दिला आणि महिन्याभरात पासपोर्टसोबत एक-दोन पानांचं पत्र परत आलं : व्हिसा नामंजूर. दहिसरमध्ये भाड्याच्या खोलीत राहून परदेशी जाण्याची तयारी करणारी बरीच मुलं-मुली मूळची गावाकडची असतात. आई-वडील, शेती आणि गहाण ठेवलेलं सोनं गावात असतं. त्यामुळे नकाराचं पत्र मुंबईत आलं तरी त्याचा भार गावातल्या घरावर पडतो.

अशा वेळी घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, लगेच पुन्हा अर्ज टाक. दुसरं म्हणतं, नशिबात नव्हतं, सोडून दे. खरं तर दोन्ही निर्णय घाईचे आहेत. पुढे काय करायचं हे त्या पत्रात लिहिलेल्या कारणावर ठरतं. पत्र नीट वाचून वेळेत पाऊल टाकलं तर बऱ्याचदा मार्ग निघतो. न वाचता टाकलं तर दुसऱ्यांदा पैसे जातात आणि रेकॉर्डवर दुसरा नकार बसतो.

हा प्रश्न आता जास्त घरांत का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी जर्मनीचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. तेव्हापासून आयटीआय, नर्सिंग आणि इंजिनीअरिंग झालेल्या मुलांच्या घरी जर्मनीचं नाव निघू लागलं. पण ९० हजार हा वरचा आकडा आहे. जो अर्ज करेल त्याला व्हिसा मिळेल, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक अर्ज वेगळा तपासला जातो.

दुसरीकडे ब्रिटन आणि अमेरिकेने नियम कडक केले. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसाची साधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड केली आणि वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करची परदेशातून होणारी नवी भरती बंद केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. वर्षभरापूर्वी मित्राचं काम ज्या कागदांवर झालं, त्याच कागदांवर आज आपलं होईलच असं नाही.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

१. पत्र मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. पाकीट, कुरिअरची पावती, ईमेल यातलं काहीही फेकू नका. दाद मागायची मुदत बहुतेक ठिकाणी याच तारखेपासून मोजतात.

२. पत्राच्या प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढा. शेवटचा परिच्छेद जास्त महत्त्वाचा, कारण दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची हे बहुधा तिथे असतं. पत्र जर्मन भाषेत असेल तर मोबाईलवरच्या भाषांतराने अंदाज घ्या. पण निर्णय घेण्याआधी जर्मन येणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

३. परदेशातल्या कंपनीला किंवा हॉस्पिटलला त्याच दिवशी कळवा. लपवू नका. तीन गोष्टी विचारा : जागा किती दिवस राखून ठेवाल, रुजू होण्याची तारीख पुढे नेता येईल का, आणि नकाराच्या कारणावर तुमच्याकडून एखादा कागद मिळेल का. पुढची वाट या उत्तरांवर बरीच अवलंबून असते.

४. इथल्या नोकरीचा राजीनामा दिला असेल आणि नोटीस पिरियड चालू असेल, तर मालकाशी बोलून राजीनामा मागे घेता येतो का बघा. दिला नसेल तर आता देऊ नका.

५. अर्जासोबत दिलेल्या सगळ्या कागदांचा एक संच समोर ठेवा. अर्ज एजंटने भरला असेल तर त्याच्याकडून भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या. आपल्या नावावर नेमकं काय लिहून गेलं हे कित्येकांना नकार आल्यावरच कळतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. कागद स्वीकारणारं व्हीएफएस केंद्र व्हिसा देत नाही आणि नाकारतही नाही. ते फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेऊन पुढे पाठवतं. निर्णय त्या त्या देशाचे अधिकारी घेतात. त्यामुळे व्हीएफएसच्या काउंटरवर वाद घालून काही होत नाही, आणि 'तिथे माझी ओळख आहे' म्हणणाऱ्याला पैसे देऊनही काही होत नाही.

नकाराचं कारण कोणत्या खणात बसतं?

पत्रातली भाषा कायद्याची असते. कलमांचे आकडे असतात. पण कारणं बहुधा चार खणांत बसतात.

पहिला खण : कागद कमी पडले किंवा जुळले नाहीत. आपल्याकडे हे फार होतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, पण पदवीवर माहेरचंच नाव राहतं. जन्मस्थान एका कागदावर गावाचं, दुसऱ्यावर तालुक्याचं. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. विवाह नोंदणी दाखला, महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि सोबत एक साधं स्पष्टीकरणाचं पत्र जोडता येतं.

दुसरा खण : अनुभव किंवा नोकरी खरी वाटली नाही. कंत्राटदाराकडे पाच वर्षं काम केलं, पण पगार रोखीत. अनुभवाचं पत्र दोन ओळींचं. त्यावरच्या नंबरवर फोन केला तर उचलला नाही, किंवा उचलणाऱ्याने 'असा कोणी नाही' म्हणून सांगितलं. अधिकारी अशा वेळी पत्रावर विश्वास ठेवत नाही. काम खरं असेल तर पुरावा गोळा करता येतो. पीएफचं पासबुक, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६, आयकर विवरण, ईएसआयसीची नोंद, हजेरी कार्ड, साइटचा गेट पास हे सगळं उपयोगी पडतं.

तिसरा खण : पात्रताच बसत नाही. शिक्षण, पगार किंवा भाषा त्या व्हिसाच्या अटीत बसत नाही. जर्मनीच्या एका व्हिसाचं उदाहरण बघा. मार्च २०२४ पासून जर्मनीने अनुभवी कामगारांसाठी एक वाट उघडली. त्यात जर्मनीत शिक्षणाची मान्यता घ्यावी लागत नाही. पण स्वतःच्या देशात सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. शिवाय मागच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा त्या कामाचा अनुभव लागतो. आपल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. म्हणजे वेल्डरचा हात कितीही चांगला असला तरी एक वर्षाच्या सर्टिफिकेटवर या वाटेने व्हिसा होत नाही.

पगाराचंही तसंच. याच व्हिसाला २०२५ साली वर्षाला ४३,४७० युरो पगार लागत होता, २०२६ साली तो ४५,६३० युरो झाला. कंपनी सामूहिक वेतन कराराने बांधलेली असेल तर यात सूट मिळते. पदवीधरांच्या ब्लू कार्डची मर्यादाही २०२५ मधल्या ४८,३०० वरून २०२६ मध्ये ५०,७०० युरोवर गेली. टंचाई असलेल्या पेशांना ती थोडी कमी आहे. हे आकडे दर जानेवारीत बदलतात. जुन्या वर्षात काठावरच्या पगाराचं नोकरीचं पत्र घेतलं आणि प्रकरण नव्या वर्षात गेलं, तर हाच पगार कमी पडू शकतो. अशा वेळी दोष उमेदवाराचा नसतो. पगार वाढवून नवीन करारपत्र देणं कंपनीच्या हातात असतं.

चौथा खण : खोटेपणाचा ठपका. बनावट सर्टिफिकेट, खोटं अनुभवपत्र, लपवलेली माहिती. हा सगळ्यात गंभीर. ब्रिटनमध्ये फसवणूक केल्याचा ठपका बसला तर दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. कॅनडात पाच वर्षांची बंदी आहे. अमेरिकेत तर ठपका कायमचा राहतो, विशेष सूट मिळाली तरच सुटका. आपल्या पत्रात असं काही असेल आणि कागद खरे असतील, तर गप्प बसू नका. इथे वकिलाचा खर्च करणं योग्य ठरतं, कारण प्रश्न एका नोकरीपुरता राहत नाही.

कोणत्या देशात दाद कशी मागायची

जर्मनी : पूर्वी नकार आला की वकिलातीलाच पत्र लिहून फेरविचार मागता येत होता. ही सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. अजूनही काही एजंट 'अपील लिहून देतो' म्हणून पैसे मागतात, ते याच जुन्या सोयीच्या नावावर. आता वाटा दोनच. एक, दुरुस्त कागदांसह नवीन अर्ज. तो कधीही करता येतो, फी ७५ युरो. दोन, बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. त्याला नकार हाती पडल्यापासून एक महिन्याची मुदत आहे. दावा जर्मन भाषेत करावा लागतो आणि साध्या ईमेलने चालत नाही. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, पण भाषा आणि कायदा बघता वकिलाशिवाय जमणं अवघड. कोर्टाचा आणि वकिलाचा खर्च युरोत असतो आणि निकालाला वेळ लागतो.

ब्रिटन : कुशल कामगार व्हिसा नाकारला तर 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू' म्हणजे प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. भारतातून अर्ज केला असेल तर निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत. फी ८० पौंड. पण यात अधिकाऱ्याची चूक झाली का एवढंच बघतात. आपण द्यायला विसरलो तो कागद आता जोडून चालत नाही. फेरतपासणी चालू असताना नवीन अर्ज टाकला की फेरतपासणी आपोआप बंद होते. म्हणून दोन्ही एकदम करू नका. व्हिसाची फी परत येत नाही, मात्र आरोग्य अधिभार भरला असेल तर तो परत मिळतो. ज्या खात्यातून किंवा कार्डवरून पैसे भरले ते बंद करू नका. एजंटच्या कार्डवरून भरले असतील तर पैसे त्याच्याकडेच परत जाणार, हेही ध्यानात ठेवा. नवीन अर्ज करायचा तर कंपनीकडून स्पॉन्सरशिपचं नवीन सर्टिफिकेट लागतं.

अमेरिका : वकिलातीने व्हिसा नाकारला तर अपील नाही. पण मुलाखतीनंतर कलम २२१ (जी) ची चिठ्ठी मिळाली असेल तर तो बहुतेक वेळा शेवटचा नकार नसतो. कागद कमी आहेत किंवा तपासणी बाकी आहे, असा त्याचा अर्थ. मागितलेले कागद एक वर्षाच्या आत द्यायचे. वर्ष उलटलं तर नवीन अर्ज आणि नवीन फी.

कॅनडा : देशाबाहेरून केलेला अर्ज नाकारला तर तिथल्या फेडरल कोर्टात दाद मागण्यासाठी ६० दिवस असतात. त्यात आधी कोर्टाची परवानगी लागते. अधिकाऱ्याने फाइलवर काय शेरे लिहिले ते मागवून घेता येतात. नवीन अर्ज करायचा असला तरी हे शेरे वाचल्याशिवाय करू नये.

जपान : इथे सविस्तर कारण सहसा सांगत नाहीत. आणि नकारानंतर त्याच कामासाठी साधारण सहा महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत. 'पुढच्या आठवड्यात परत टाकू' म्हणणाऱ्या एजंटला हा नियम विचारा.

तीन वाटा, तीन उदाहरणं

वाटा शेवटी तीनच : दुरुस्ती करून नवीन अर्ज, निर्णयाला आव्हान, किंवा ही वाट सोडून दुसरी. कोणती कधी, हे कळावं म्हणून तीन समजुतीची उदाहरणं.

समजा, दहिसर पूर्वेला राहणारा एक मुलगा. आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, पाच वर्षं कामाची. जर्मनीच्या कंपनीचं करारपत्र आहे. पत्रात कारण आलं : अनुभव सिद्ध होत नाही. शेवटची दोन वर्षं कंत्राटदाराकडे रोख पगारावर काम केलेलं. त्याआधीच्या तीन वर्षांचा पीएफ आहे, पण त्याचं पासबुक अर्जाला जोडलंच नव्हतं. इथे कोर्टात जाण्यात अर्थ नाही. त्याच्याकडच्या कागदांवरून अधिकाऱ्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही. पीएफ पासबुक, बँक स्टेटमेंट आणि आधीच्या कंपनीचं सविस्तर पत्र जोडून नवीन अर्ज, ही त्याची वाट. फक्त एक हिशोब करायचा : पीएफची ती वर्षं मागच्या पाच वर्षांत किती येतात. अर्ज जितका लांबेल तितका जुना अनुभव मोजणीतून बाहेर जातो. म्हणून त्याने वेळ घालवू नये. आणि कंपनी जागा राखायला तयार असेल तरच खर्च करावा.

दुसरं उदाहरण. बीएस्सी नर्सिंग झालेली मुलगी, ब्रिटनच्या हॉस्पिटलची नोकरी. पत्रात कारण : इंग्रजी परीक्षेचा पुरावा दिला नाही. पण तिने तो अपलोड केल्याची पावती तिच्याकडे आहे, परीक्षेची मुदतही संपलेली नाही. म्हणजे कागद दिलेला होता, अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटला. इथे फेरतपासणीच योग्य. २८ दिवसांच्या आत, ८० पौंड भरून, कोणता कागद कोणत्या तारखेला दिला होता एवढंच मुद्द्याला धरून लिहायचं. घरची परिस्थिती, कर्ज, आईचं आजारपण असं लिहून उपयोग होत नाही. त्याच वेळी हॉस्पिटलला कळवायचं. त्यांना माणूस लगेच हवा असेल तर ते नवीन सर्टिफिकेट देऊन नवीन अर्ज करा असंही म्हणू शकतात. मग दोन्हींतलं एक निवडायचं.

तिसरं. एक वर्षाचा वेल्डर ट्रेड केलेला, सहा वर्षं फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये काम केलेला मुलगा. जर्मनीच्या अनुभवी कामगार व्हिसाला नकार. कारण : प्रशिक्षण दोन वर्षांचं नाही. इथे नवीन अर्जही फुकट आणि कोर्टही फुकट. कागद कितीही जोडले तरी एका वर्षाची दोन वर्षं होणार नाहीत. ही वाट बंद आहे हे मान्य करायचं आणि ज्या देशात कामाची चाचणी घेऊन वेल्डर घेतात तिकडे नोंदणीकृत एजंटमार्फत बघायचं, नाहीतर इथेच चांगल्या कंपनीत पगाराच्या स्लिपवर काम धरायचं. याच मुलाला 'दोन वर्षांचं सर्टिफिकेट करून देतो' म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. तिथे हो म्हटलं की तिसऱ्या खणातला माणूस चौथ्या खणात जातो.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पेरलेलं उगवलं नाही तर तो लगेच दुसरी पिशवी फोडत नाही. आधी माती उकरून बघतो. बी सडलं, पाऊस कमी पडला की खोल पडलं? कारण कळल्यावर दुबार पेरणी करायची की नाही ते ठरवतो.

नवीन अर्ज करायचा ठरला तर

आधी नकाराच्या पत्रातला प्रत्येक मुद्दा एका कागदावर लिहा. प्रत्येक मुद्द्यासमोर कोणता नवा पुरावा आहे ते लिहा. एका मुद्द्यासमोर जरी जागा रिकामी राहिली तरी अर्ज थांबवा. त्याच कागदांवर केलेल्या दुसऱ्या अर्जाला दुसरा निकाल सहसा मिळत नाही.

अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. पद, सुरू आणि संपल्याची तारीख, रोज काय काम होतं, आठवड्याचे तास, पगार, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि चालू फोन नंबर. सही करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की वकिलातीतून फोन येऊ शकतो.

पूर्वी नकार आला होता का, असा प्रश्न बऱ्याच देशांच्या फॉर्मवर असतो. तिथे 'हो' लिहायचं, देश आणि तारीख द्यायची. दुसऱ्या देशाने नाकारलेलंही विचारलं असेल तर तेही लिहायचं. नकार आला म्हणून पुढचा व्हिसा मिळत नाही असं नाही. नकार लपवला म्हणून मात्र नक्की अडचण येते.

जर्मनीच्या नोकरीच्या व्हिसाची माहिती आता आधी ऑनलाइन पोर्टलवर भरावी लागते. तिथे भरलेलं आणि कागदावरचं जुळलं पाहिजे. कंपनीला वेगवान प्रक्रियेबद्दलही विचारा. त्यात कंपनी तिकडच्या परकीय नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून शिक्षणाची मान्यता आणि रोजगार खात्याची संमती आधीच मिळवते. कागदांतला दोष मग व्हिसाच्या टेबलावर येण्याआधीच कळतो. नर्ससाठी हे विशेष उपयोगी, कारण नर्सिंगला तिथे सरकारी मान्यता लागतेच.

एजंटचं काय?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला उत्प्रवासन कायदा १९८३ नुसार सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी खरी आहे का ते ईमायग्रेट पोर्टलवर मोबाईलवरूनच बघता येतं. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क घ्यायची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. कित्येक घरांनी तीन-चार लाख दिलेले असतात आणि पावती असते 'मार्गदर्शन' किंवा 'भाषा प्रशिक्षण' या नावाची.

नकारानंतर एजंटला चार गोष्टी लेखी विचारा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर. माझा भरलेला फॉर्म कुठे आहे? कंपनीशी झालेला पत्रव्यवहार दाखवा. नकाराच्या कोणत्या मुद्द्यावर आपण काय नवीन देणार? आणि करारानुसार कोणते पैसे परत मिळतील? जो 'पत्र सोडा, मी बघतो' म्हणतो, त्याच्याकडे पुढचा हप्ता देऊ नका. मूळ पासपोर्ट आणि मूळ सर्टिफिकेट एजंटकडे असतील तर आधी ती ताब्यात घ्या.

फसवणूक झाली असेल तर तक्रारीची ठिकाणं आहेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या उत्प्रवासी संरक्षकाचं मुंबई कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. दहिसरहून लोकलने वांद्रे आणि तिथून बस किंवा रिक्षा. प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९०. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि समोरचा गायब झाला असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. सेवेत कमतरता असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. गावाकडून पैसे दिले असतील तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. त्यासाठी मुंबईलाच यायला पाहिजे असं नाही.

घरचा हिशोब

निर्णय कागदाचा असतो तसाच पैशाचाही. एका वहीत दोन रकाने करा. पहिल्यात गेलेले पैसे : भाषा क्लास, परीक्षा, व्हिसा फी, एजंट. ते गेले, त्यांच्याकडे बघून पुढचा निर्णय घ्यायचा नाही. 'एवढे घातले, आता मागे कसं फिरायचं' या एका वाक्याने सगळ्यात जास्त जमिनी गहाण पडतात.

दुसऱ्या रकान्यात पुढचे पैसे. नवीन अर्जाला किती, सोनंतारण कर्जाचं व्याज दरमहा किती, मुलगा किती महिने बिनकामाचा राहणार, भाषा परीक्षेची आणि नोकरीच्या पत्राची मुदत कधी संपते. मग घरातल्या सगळ्यांनी बसून एक आकडा आणि एक तारीख ठरवायची : इतके रुपये आणि या महिन्यापर्यंत. त्यापुढे नाही. दरम्यान मुलाने किंवा मुलीने काम धरावं. पगार स्लिपवर आणि पीएफ कापणारं काम धरलं तर ते पुढच्या अर्जाला अनुभव म्हणूनही उपयोगी पडतं. शिकलेली भाषाही वाया जात नाही. जर्मन किंवा जपानी येणाऱ्यांना मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांत काम मिळतं.

राहिला प्रश्न गावात काय सांगायचं याचा. पेढे वाटून झालेले असतात, लोक पारावर विचारतात. सांगायला सोपं आहे : कागद कमी पडला, पुन्हा बघतोय. किंवा, ती वाट आपली नव्हती, दुसरी धरली. लाजेपोटी मुलाला दुसऱ्या एजंटच्या दारात उभं करण्यापेक्षा हे एक वाक्य बोलणं स्वस्त पडतं.

थोडक्यात

• पत्र मिळाल्याची तारीख लिहा. जर्मनीत कोर्टासाठी एक महिना, ब्रिटनमध्ये २८ दिवस, कॅनडात ६० दिवस.
• कागदाचा दोष असेल तर दुरुस्त करून नवीन अर्ज. अधिकाऱ्याची चूक असेल तर आव्हान. पात्रताच नसेल तर दुसरी वाट.
• कंपनी जागा राखते का, हे विचारल्याशिवाय खर्च करू नका.
• आधीचा नकार लपवू नका, खोटा कागद जोडू नका.
• पगाराची मर्यादा आणि फी दरवर्षी बदलते. अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत वेबसाइटवर बघूनच पुढे जा.
• मूळ पासपोर्ट आणि मूळ सर्टिफिकेट नेहमी घरातच ठेवा.